डाख

रीगातल्या तळघरात स्काइद्रीते
जुना अँप्लिफायर उघडून बसलीय.
दोन टप्प्यांमधला कपॅसिटर फुगलाय.
त्याचं काम एवढंच:
स्थिर ते अडवायचं,
थरथरतं ते जाऊ द्यायचं.

इमांतला, तिच्या भावाला, मध्ये काहीच नको असायचं.
थेट तारेला तार.
पहिल्या टप्प्यावर केसभर ढळलं
की शेवटी स्पीकर जळायचा.
आईच्या घराच्या वाटणीत तेच झालं.

हल्ली तो लिएपायाहून फोन करतो, रविवारी.
ट्रान्सफॉर्मरमधली दोन वेटोळी,
एकमेकांना न शिवता बोलतात:
गुडघे, बटाट्यांचा भाव.

ती डाख देते. कथील चकाकतं, मंदावतं.
रेडिओ जोडते.
आधी नुसती घूं,
मग बातम्यांतली बाई:
लिएपायाला वारा सुटलाय.
स्काइद्रीते आवाज
किंचित वाढवते.