झाकणावरची लढाई

बुधवारी जुन्या बाजारात, कुंभारवेशीच्या अलीकडे,
शमशुद्दीन तांबोळीने गोणपाटावर मांडलं होतं सगळं:
नळाच्या तोट्या, एका काडीचा चष्मा,
गंजलेली कुलपं, आणि त्यांत तंबाखूची डबी.
लाकडी, लाखेची, तळहाताएवढी.

"लढाई आहे साहेब झाकणावर. अस्सल."
"कुठली?"
"पैसे देणारा म्हणेल ती."

मी भाव पाडला नाही.
दफ्तरात तीस वर्षं मोडी वाचलेल्या माणसाने
इतरांची घासाघीस पुरेशी वाचलेली असते.

घरी भिंग लावलं.
डावीकडे तांबडे डगले, ओळीत, दातांसारखे.
उजवीकडे घोडे. चितारी जीनगर असणार,
कारण माणसं सगळी एकाच तोंडवळ्याची
पण खोगिराचा टाका न् टाका वेगळा.
मागे टेकडी, वर देऊळ. पर्वती म्हणा हवं तर.
आभाळ निळंशार, धुराला जागाच ठेवलेली नाही.

आणि मधोमध, जिथे सरदार असायचा,
तिथे नुसतं लाकूड.
घोड्याचे चार पाय, वर छत्रीचा दांडा,
मधला माणूस गेलेला.
कुणी खरवडला नव्हता. सूड नाही, वाळवी नाही.
नेमका तिथेच अंगठा टेकवल्याशिवाय
डबी उघडत नाही.

दोनशे वर्षं म्हणणार नाही, पुरावा नाही.
पण किती चिमटी, किती पाहुणे,
किती दुपारी "काढा हो जरा";
दर वेळी सरदार थोडा थोडा
कुणाच्या तरी धोतराला पुसला गेला.

कोपऱ्यातला पखालवाला मात्र शाबूत.
तिकडे कुणाचं बोटच गेलं नाही.
पखालीतून गळणारे तीन थेंबसुद्धा जागच्या जागी.
बैल वैतागून मागे बघतो आहे,
त्या अख्ख्या लढाईत बघणारा तो एकटाच.

उलटी केली. बुडाला मोडी, बोरूने, घाईत:
तमाखू पावशेर. चुना. बाकी दोन आणे, भागूजी देईल.
दिले का,
ते दुसऱ्या कुठल्या डबीखाली असेल.

बायको म्हणाली, "सोडून नऊ वर्षं झाली, आता डबी कशाला?"
रिकामी आहे, म्हटलं. हुंगून बघ.
तिने हुंगली
आणि शिंकली.

रात्री उठलो. दिवा न लावता हातात घेतली.
डावा तळवा अजून काही विसरलेला नाही,
उजवा अंगठा तर मुळीच नाही.
तो आपला आपणच गेला त्या गुळगुळीत जागी
आणि बसला,
बरोब्बर.