चौथी खोली

बाबा मैदानावर फक्की मारायचे.
सत्तावन्न साल, फेब्रुवारी, खार्तूम.
मी सात वर्षांची, दोरीचं दुसरं टोक माझ्या मुठीत.
"बतूल, ताणून धर. रेघ वाकडी गेली
तर म्हणतील, राज्य मिळालं यांना
आणि रेघ ओढता येईना."

चार देशांची स्पर्धा. आफ्रिकेची पहिली.
बाबांनी चार खोल्या झाडल्या,
चार रांजण नाईलच्या पाण्यानं भरले,
खुंट्या मोजल्या, अकरा अकरा,
वर प्रत्येक खोलीत एक जास्तीची.
"कुणाचा तरी कोट असतोच."

मग कळलं, दक्षिणेकडचे येत नाहीत.
आणू तर सगळे गोरे, नाहीतर सगळे काळे,
एका सदऱ्यात दोन्ही नाहीत,
असं म्हणाले म्हणे.
समितीनं सांगितलं, मग नकाच येऊ.
बाबांना त्या कागदावरलं काही वाचता येत नव्हतं.
त्यांनी एवढंच विचारलं,
रांजण रिकामा करू का?
साहेब घाईत होते.
बाबांनी केला नाही.

इथियोपियाला न खेळताच पुढे चाल मिळाली.
आम्ही इजिप्तकडून हरलो, दोन-एक,
आणि अंतिम सामन्यात इजिप्तनं त्यांना चार गोल मारले.
संपली स्पर्धा. इनमिन दोन सामने.
वाऱ्यानं आठ दिवसांत फक्की नेली.

चौथ्या खोलीत पुढे फाटकी जाळी आली,
हवा गेलेले चेंडू, एक व्यालेली मांजर.
रांजण मात्र बाबा भरत राहिले.
सत्तर साली आम्ही जिंकलो, त्याच मैदानावर,
त्या रात्री त्यांनी
ओळखीपाळखी नसलेल्या माणसांना ते पाणी पाजलं.

ते चौथे आले, एकोणचाळीस वर्षांनी.
स्पर्धा त्यांच्याच घरी, चषकही त्यांनीच उचलला,
सदरा एक, आत सगळ्या रंगांची माणसं.
बाबा नव्हते तेव्हा.
मी उठले, आणि कारण नसताना
भरलेलाच माठ पुन्हा भरला.

आता कैरोत राहते, फैसलमध्ये, पाचव्या मजल्यावर.
लिफ्ट बंद.
घरमालक उस्ताद वहीद भाडं घ्यायला येतो,
चहा पितो, जाताना दोन बोटं आणि एक बोट दाखवतो.
दोन-एक. मीच सांगितलं होतं त्याला,
आता भोगते.
ओमदुरमानच्या घराची किल्ली माझ्या उशाशी आहे.
घराचं मला माहीत नाही.

चोवीस देश खेळतात हल्ली.
आमची पोरं घरचा सामनाही परमुलखात खेळतात,
यंदा मोरोक्कोत आहेत.
नातू माझिन टीव्हीचा आवाज वाढवतो,
राष्ट्रगीत सुरू होतं, तो उभा राहतो,
मला गुडघ्यांमुळे जमत नाही.
मी बघते ती रेघ. सरळ आहे.

कुणीतरी ओढली असेल पहाटे.
कुणीतरी आमच्या पोरांसाठी खोली झाडली असेल,
खुंट्या मोजल्या असतील.

एक जास्तीची ठोकली असेल का?