लाँच कधी सोडायची

आमच्या बेटावर डॉक्टर महिन्यातून एकदा येतात,
तेही खाडीच्या मनात असलं तर.
उरलेले दिवस मी.
माझ्याकडे रेडिओ आहे, सेकंदकाटा असलेलं घड्याळ,
आणि दोन थर्मामीटर; त्यातला एक खोटं बोलतो.

बटाटे उकडायला ठेवले की चिलोएभरच्या आयांना
मी आठवते.
ओतिलिया, नाक वाहतंय. वाहू दे.
ओतिलिया, कान ठणकतोय, रडून रडून आत्ता झोपला.
झोपू दे. तापाचं औषध दिलंस ना? सकाळी आण, भरती बघून.
पोट चालतंय? पाणी घेतोय का? लंगोट ओला होतोय?
रडताना डोळ्यांत टिपूस येतं?
मग पुडी लिटरभर पाण्यात, अंदाजाने नाही, मापाने,
आणि चमचा चमचा पाजत बस, शिंपले उद्या काढ.
अंगावर लाल ठिपके, वर ताप? काचेचा पेला दाबून बघ.
पेल्याखाली ठिपके पुसट झाले नाहीत,
तर मला परत सांगत बसू नकोस, धक्क्यावर ये.

ताप किती, हे मी शेवटी विचारते.
आधी विचारते, पोर करतंय काय.
एकोणचाळीस ताप अंगात घेऊन
मांजराची शेपूट ओढणारे मी पाहिलेत.
आणि अंग गारच, पण आईकडेसुद्धा न बघणारं
एक बाळ पाहिलंय.
तीन महिन्यांच्या आतलं लेकरू तापलं तर
मी काहीच विचारत नाही. लाँच.

ऑगस्टमधली ती रात्र. एदुविनाचा आवाज:
इलारियो भुंकतोय गं, खडकावरच्या समुद्रसिंहासारखा.
मला हसू आलं असतं, पण ती हसत नव्हती.
म्हटलं, रेडिओ त्याच्या छातीशी धर, बटण दाबून ठेव.
ती बटण दाबून असेतो मला बोलता येत नाही.
मी फक्त ऐकलं.
भुंकणं. वारा. पुन्हा भुंकणं.
आणि मधल्या शांततेत, श्वास आत जाताना,
एक बारीक शीळ.

रडतोय का तो?
नाही, मांडीवर गप्प बसलाय.

गप्प बसलेल्या पोराच्या श्वासात शीळ असू नये.
गळ्याखालचा खळगा बघ, बत्ती जवळ ने.
ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली,
आत ओढला जातोय, ओतिलिया, अख्खं बोट मावेल एवढा.

सेगुंदोला उठवलं. तो खिडकीतूनच ओरडला,
मागच्या महिन्यात नाकातल्या वाटाण्यासाठी
उठवलं होतंस मला!
हो, उठवलं होतं. आता बूट घाल.

एदुविनाला सांगितलं: आडवा करू नकोस,
घशात बोट घालू नकोस, रडवू नकोस,
तुझ्या छातीला टेकवून बसव,
आणि नावेत त्याला जे हवं ते गा, सूर चुकला तरी चालेल.

मग लाँचचा दिवा लाटांमागे गेला.

एक सांगायचं राहिलं.
अकरा वर्षांपूर्वी एकीला मी म्हणाले होते,
सकाळपर्यंत थांब.
त्या घरावरून मी अजून जात नाही,
चर्चच्या मागून फिरून जाते, चिखल असला तरी.

पाच वाजता आचाओहून नर्स बोलली.
औषध दिलं, वाफारा दिला,
शीळ थांबली, बिस्किट मागतोय.
मी स्टोव्ह पेटवला आणि तशीच उभी राहिले,
किटलीत पाणी घालायचं विसरून.

उजाडल्यावर सेगुंदो आला, मिशांत मीठ.
टोपी काढली नाही, बसला नाही.
खिशातून एक सुका वाटाणा काढून
माझ्या टेबलावर ठेवला, आणि गेला.

तो मी ठेवलाय अजून,
खोटं बोलणाऱ्या थर्मामीटरच्या शेजारी.