एक काना

गुरुवारी रात्री मुहर्रकच्या लाँड्रीत
थोबांचा ढीग पंख्याला टेकतो.
पांढरे, घोळदार, गळ्याशी ताठ,
उद्याच्या नमाजाआधी सगळे कडक हवेत.
मी इस्त्री करतो.
असंच सांगतो सगळ्यांना. करतो. आलो. जेवलो. निजलो.
खोलीत आम्ही सहा, आणि राजापूरचा इक्बाल मुकादम
दर पगाराला विचारतो, लग्नाचं काय?
बघतो, म्हणतो मी.

पाटीवर बाराखडी गिरवताना ठाऊक नव्हतं
सगळं एका उभ्या रेघेशी येऊन अडेल.
आलो. त्यातला काना पुसा.
आले.
मात्रा तीच, डोक्यावरची. ती कुणी काढत नाही.

पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीत,
नागपंचमीला चिंचेखाली बायकांच्या फुगड्या.
मला हाकलायच्या. पोरांत जा रे, इथं काय तुझं?
मी गोठ्याच्या कुडाआड, शेणाच्या वासात,
एकेक गाणं उचललं
दुसऱ्याच्या झाडाची कैरी उचलावी तसं,
खिशात घालून, वर हात ठेवून.

मग एका चैत्रात भारूडवाला आला.
चांगला मिशीवाला बाप्या, हातावर गोंदलेला मारुती.
डोक्यावर पदर घेतला आणि गाऊ लागला,
मी नांदायला गेले, मी सासूला भ्याले.
आमचे आबा, जे हसले तरी पोरं दचकायची,
मांडीवर ताल धरून बसले होते.
कुणी म्हटलं नाही, अरे, गेलो म्हण.
मी नऊ वर्षांची होते.
(हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं.)

इथे गल्लीच्या टोकाला एक घर आहे,
म्हातारे जमतात, रांजणावर थाप मारतात,
मोत्यांसाठी बुडी घेणाऱ्यांची गाणी म्हणतात.
अबू राशिद थोब न्यायला येतो, घसा बसलेला.
विचारलं, आता बुडी कोण घेतं?
कुणीच नाही, म्हणाला. दोर नाही, गलबत नाही.
पण गाणं लागलं की हात आपोआप ओढतात.
आणि त्याने ओढून दाखवला,
काउंटरवर, नसलेला दोर.

शटर अर्धं पाडलं की मोठं मशीन फिरतं,
त्याच्या घुमण्यात फुगडीचा श्वास असतो, फू, फू.
मी अबाया इस्त्रीला घेते. काळी, थंड, पाण्यासारखी निसटती.
आणि खिशातली कैरी काढते:

पाटाच्या पाण्यात पैंजण न्हाले,
उशीर झाला बाई, तरी मी आले.

घरकामाने खोळंबलेल्या कुण्या सुनेची ही ओळ असेल,
भांडी घासून, पोर निजवून, धापा टाकत पोचलेली.
माझ्यासाठी कुणी रचली नाही.
पण चौतीस वर्षांचा उशीर
तिच्यात बरोबर मावतो,
इस्त्री केलेल्या बाहीत हात जावा तसा.

तिसरी ओळ मात्र आठवेना.
आईला फोन लावला. तिकडे दीड वाजलेला.
काय झालं रे? काही नाही. ते पाटाच्या पाण्याचं गाणं,
पुढे काय होतं?
ती गप्प. मागे कुत्रं भुंकलं.
म्हणाली, तुला कशाला? मग म्हणाली, म्हण बघू आधीचं.

म्हटलं. हळू, मशीनच्या आडोशाने,
आले वर आवाज थरकला, पण म्हटलं, आलेच.
दुसऱ्या बाजूला नुसता श्वास.
इतका वेळ, की मी स्क्रीनवरचे सेकंद मोजले.

मग आई म्हणाली,
चाल चुकते तुझी. पैंजणवर उचलायचं.
आणि आवाज जरा बारीक काढ,
बायकांचं गाणं आहे ते.