सव्वाअकराची भेट

आज केस धुतलेले आहेत, म्हणजे
मंगळवारपासून मी पडदे ओढून पडून होते.
बहीण म्हणाली, नको धुऊस,
बघू दे त्यांना.

केमीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
बावीस वर्षं टपाल वाटलं मी,
सायकलवरून, उणे तिसातही.
आता दारातल्या पेटीपर्यंत जायचं
तर आधी हिशेब मांडते:
जाणं, वाकणं, येणं,
आणि उद्याचा दिवस गहाण.

आठ डॉक्टर झाले.
रक्त चांगलं, हृदय चांगलं, थायरॉइड चांगलं.
एकाने विचारलं, घरी सगळं ठीक ना?
एक म्हणाला, रोज थोडं चाला.
चालले.
मग अकरा आठवडे केर्तूने चमच्याने सूप भरवलं.

नववी तरुण आहे. तिलाच सर्दी झालीय.
"चेहऱ्यावरून तर बऱ्या दिसता," तीही म्हणते,
आणि मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य
शोधते. सापडत नाही.
इथेच होतं.
शब्द हल्ली पत्ता न ठेवता निघून जातात.

ती थांबते.
घड्याळाकडे बघत नाही.
उठून डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करते;
खिडकीतून येतो तो बर्फाचा उजेड पुरतो.
"हे काय आहे, मला माहीत नाही," म्हणते.
"आडव्या होऊन सांगा."

सांगते. निम्मंच होतं.
ती टिपून घेते, कीबोर्डची बटणं
हळू, अगदी हळू दाबत.

औषध नाही. पुढची तारीख मार्चमधली.
टॅक्सीत केर्तू विचारते, काय म्हणाली गं?
उद्या सांगते, म्हणते मी.
उद्या नाही. रविवारी.