चौघांचा बँड

डेल्मर फोइग्ट, शबॉयगन, विस्कॉन्सिन.
दिवसा रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा,
रात्री तळघरात बँड. चौघेही तोच.

आधी सुटकेसवर ठेका धरायचा,
मग टेप मागे फिरवून
कालच्या स्वतःला साथ करायची.
कालचा नेहमी जरा घाईत.

दुसऱ्या बाजूला, ऑर्गन सुरात येता येता,
बॉयलर धडधडतो,
जिन्यातून हाक: सूप निवतंय!
आर्लीन म्हणते, तो आवाज माझा नाहीच,
मी कुठे इतकी करवादते.

दोनशे तबकड्या काढल्या १९७४ साली.
एकशे एकाहत्तर अजून जिन्याखाली,
बीटच्या बरण्यांमागे.

मी एक घेतली. सही मागितली.
त्यानं तीन केल्या, तीन वळणांच्या.
चौथी?
ठेकेवाला हल्ली येत नाही, म्हणाला,
आणि गुडघा चोळला.