शेरा, चाळीस अक्षरांत

ओबदुलियाच्या वहीत झाकणं साडेतीन हजार,
लेखा विभागात पाच,
मांडणीवर किती, ते मोजायला कुणी गेलंच नव्हतं.
सार्डिन मात्र थांबत नाही.
त्या ऑगस्टात दोन टन मासा डब्यांवाचून उतरला
आणि विगोहून मालक आले, नाकाला रुमाल लावून.

हिवाळ्यात केबली आल्या.
शिकवायला लुगोचा एक पोरगा, ब्राइस:
"आकडा एकच, बाई. सगळ्यांना तोच."
ती गप्प. कानामागची पेन्सिल कानामागेच.

आता धक्क्यावर टोपली काट्यावर चढते
आणि इकडे पडद्यावर
मीठ, तेल, झाकणं आपापली वजा होतात;
मागणीपत्र निघतं
चार सह्यांची वरात न काढता.
यंदा एकही डबा अडला नाही.
हे ती कबूल करते. मोठ्यानं नाही.

पण शेनारो शिंपले उशिरा आणतो
तेव्हा पडदा कारण विचारतो:
वाहतूक. हवामान. इतर.
तिसऱ्या उशिराला पुरवठादाराचं नाव लाल होतं.
"इतर" दाबलं की खाली एक चौकट उघडते,
शेरा, चाळीस अक्षरं फक्त.
ती चष्मा वर सारते, एका बोटानं टिपते:
मंगळवार. बायकोचं डायलिसिस. लाल करू नये.
बारा उरतात. उरू देते.

पुढच्या महिन्यात
शेनारोच्या नावापुढे वार बदललेला: बुधवार.
कुणी बदलला, विगोत कुणालाच सांगता येत नाही.

ओबदुलिया पेन्सिल काढते
आणि वहीतही तसं करून ठेवते.